साहेबांच्या गाडीचा पाचवा गिअर

जुन्या एमजीबीत बसून मोटरवेला ताशी सत्तर मैलांनी निघालं की नवराबायकोचं भांडण होऊच शकत नाही. ऐकू येत नाही. इंजिन चौथ्या गिअरमध्ये मिनिटाला 3900 च्या आसपास फेरे घेत असतं, डोक्यावरचं कापडी टप वाऱ्याने फडफडत असतं आणि दोघांच्या मधल्या बोगद्यात गिअरबॉक्सने आपला वरचा सा लावलेला असतो. ‘‘इथे डावीकडे वळायचं होतं’’ हे वाक्य बायकोच्या तोंडून निघून नवऱ्याच्या कानापर्यंत पोचेतो वळण मागे पडून दोन मैल झालेले असतात. संसाराच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम आहे. तरीही या गाड्यांचे मालक एका विशिष्ट वयाला आले की त्यांना शांततेची ओढ लागते. आपल्याकडचा माणूस त्या वयात काशी-हरिद्वारचं बघतो, तसा हा माणूस गिअरबॉक्सचं बघायला लागतो.

आमचे शेजारी त्या वयाला आले. मी राहतो इंग्लंडात, लेमिंग्टन नावाच्या गावात. शेजारी इंग्रज, तेव्हा मनातल्या मनात मी त्यांना पहिल्यापासून ‘साहेब’च म्हणतो. भूगोल शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्याकडे 1966 ची लाल एमजीबी आहे. मी पोटासाठी विजेवर चालणाऱ्या गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या गाडीत मोटर आणि चाकं यांच्यामध्ये एकच गिअर असतो. तो बदलायची सोय नाही आणि गरजही नाही. हे मी साहेबांना एकदा सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे फार करुणेने पाहिलं आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

या गाडीला चारच गिअर का, याला कारण आहे. एमजीबी बाजारात आली 1962 साली. एम-वन या मोटरवेचा पहिला टप्पा त्याच्या तीनच वर्षं आधी, 1959 मध्ये, खुला झाला होता, आणि त्यावर वेगमर्यादा नावाची गोष्टच नव्हती. सत्तर मैलांची मर्यादा आली ती डिसेंबर 1965 मध्ये. ॲबिंग्डनच्या कारखान्यात ज्यांनी ही गाडी घडवली त्यांच्या डोळ्यांपुढचा रस्ता म्हणजे दोन्हीकडे झुडपांचं कुंपण, मध्ये मेंढ्या आणि शेवटी पब. त्या रस्त्यावर चौथा गिअरसुद्धा चैनीतच मोडायचा. ज्यांना लांब जायचं असे त्यांच्यासाठी लेकॉक द नॉर्मनव्हिलचा ओव्हरड्राइव्ह होता. हे गिअरबॉक्सच्या शेपटीला जोडलेलं वेगळंच यंत्र. आत तेलाच्या दाबावर सरकणारा शंकूच्या आकाराचा क्लच आणि मधल्या चाकाभोवती प्रदक्षिणा घालणारी दातेरी चाकं. खटका दाबायचा, क्लचला पायसुद्धा लावायचा नाही, आणि इंजिनाचे फेरे जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी. यंत्र अप्रतिम, फक्त त्याचे जास्तीचे पैसे पडत. साहेबांच्या गाडीच्या पहिल्या मालकाने ते भरले नव्हते. त्या इसमाला साहेबांनी जन्मात कधी पाहिलेलं नाही, पण त्याच्याबद्दल ते ज्या सुरात बोलतात त्यावरून दोघांच्या शेताचा बांध एक असावा असं वाटतं.

बरं, मागाहून ओव्हरड्राइव्ह लावू म्हटलं तर नुसती शेपटी जोडून भागत नाही. आतला मुख्य शाफ्टच वेगळा लागतो. म्हणजे सगळी पेटीच बदलायची. आणि पेटीच बदलायची तर मग नवीन काळाची पाच गिअरांची का नको? इथे माणूस घसरतो. साहेब इथेच घसरले.

इकडे या कामासाठी मंडळी बहुधा जी पेटी वापरतात तिचं नाव फोर्ड टाइप नाइन. ही 1982 मध्ये आलेल्या फोर्ड सिएरात असायची. सिएरा म्हणजे कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींची गाडी. मागच्या सीटवर नमुन्यांची बॅग, खिडकीला टांगलेला कोट. त्या सिएरा आता रस्त्यावर दिसेनाशा झाल्या. गंजून, भंगारात जाऊन, विरून गेल्या. पण मरताना त्यांनी अवयवदान मात्र भरघोस केलं. त्यांचे गिअरबॉक्स आज एमजीत आहेत, ट्रायम्फमध्ये आहेत. कॅटरहॅम सेव्हनसारख्या उघड्यावाघड्या गाडीतसुद्धा ही पेटी कंपनीनेच बसवली होती. जी गाडी कुणी अंगणात उभी करायला लाजलं असतं तिचं काळीज घेऊन आज लोकांच्या लाडक्या गाड्या मिरवताहेत.

पाचव्या गिअरचं प्रमाण 0.82 च्या जवळपास. म्हणजे सत्तर मैलांना 3900 ऐवजी 3200 फेरे. आणि ओव्हरड्राइव्हचं प्रमाण? तेही तेवढंच. वीस वर्षांनी आलेल्या पेटीने जे साधलं ते पहिल्या मालकाने चार पैसे सैल सोडले असते तर तेव्हाच साधलं असतं, हे साहेबांना माहीत होतं आणि म्हणूनच ते सांगायची सोय नव्हती. मी दुसऱ्या बाजूने गेलो. सगळं सामान मिळून खर्च काही हजार पौंडांत जात होता, साहेबांची गाडी वर्षाला हजार मैल चालते, त्यातली निम्मी मेंढ्यांच्या रस्त्याने. मी कागदावर हिशेब मांडून दाखवला, की पेट्रोलच्या बचतीतून हा खर्च भरून निघायला दोनशेहून अधिक वर्षं लागतील.

साहेब कागद वाचून म्हणाले, ‘‘गाडी टिकेल.’’

या विषयात इकडे दोन तट आहेत, आणि ते मराठी माणसाला नव्याने समजावून द्यावे लागत नाहीत. एक सनातनी. त्यांच्या मते गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहिली पाहिजे. इंजिनावरचा नंबर, चेसिसवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळला पाहिजे. नळीला पट्टी लागते तीसुद्धा त्या सालची हवी. दुसरे सुधारक. त्यांचं म्हणणं, की मूळ कारखान्याला ही पेटी मिळाली असती तर त्यांनीच नसती का बसवली? दोन्ही पक्ष महिन्याच्या ठरलेल्या वारी पबात एका टेबलाशी बसतात, एकमेकांना बियर पाजतात आणि एकमेकांच्या गाडीकडे बघून मान हलवतात. सुधारकांत पुन्हा पोटभेद आहेत. गिअरबॉक्सने वेग वाढणार, तर तो आवरायला आधी ब्रेक नकोत का, असा एक सूर निघाला. झालं. आधी ब्रेक की आधी गिअरबॉक्स, यावर त्या रात्री जो वाद झाला तो ऐकताना मला टिळक-आगरकर फार जवळचे वाटले. आधी राजकीय की आधी सामाजिक हा प्रश्न पुण्याने सोडवला नाही, तेव्हा लेमिंग्टनच्या पबाने हा सोडवावा अशी अपेक्षा नव्हतीच. सिग्नलला थांबताना साहेबांची गाडी किंचित डावीकडे ओढते; त्या अर्थाने माझा कल आगरकरांकडे होता. पण गिअरबॉक्सची पेटी ऑर्डर होऊन आलीसुद्धा होती.

त्याच सुमाराला माझे सासरे पुण्याहून आले. अण्णा. एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपात उभी हयात गेली. व्हिजा सहा महिन्यांचा आणि करमणूक सहा दिवसांची, अशी इथे येणाऱ्या सगळ्याच आईवडिलांची अवस्था होते. वाड्यातली माणसं ती; इथल्या रस्त्यावर दुपारी दोनला मांजरसुद्धा भेटत नाही. तिसऱ्या आठवड्यात अण्णा खिडकीत उभे राहून कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक पाठ करू लागले, तेव्हा मी त्यांना कुंपणापलीकडे घेऊन गेलो.

‘‘कुठली गाडी म्हणालात?’’

‘‘एमजी.’’

‘‘हेक्टर?’’

मी म्हटलं, हेक्टर ही तिची आडनावबंधू. ही मूळची. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डचं. अण्णा ‘मॉरिस’ या शब्दाला थबकले, पण काही बोलले नाहीत. साहेबांनी बॉनेट उघडलं. अण्णांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, वाकले, आणि दापोडीत साहेबाची तपासणी असताना जसे बोलत असतील तसे हळू आवाजात मला म्हणाले, ‘‘जावईबापू, हे तर आपल्या अँबॅसिडरचं इंजिन.’’

होतंच तसं. निदान एका आईची लेकरं. अँबॅसिडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिच्या पोटातलं 1489 सीसीचं इंजिन बीएमसीच्या बी-सिरीज घराण्यातलं. एमजीबीत त्याच घराण्यातलं 1798 सीसीचं. अण्णांनी निवृत्तीनंतर सरकारी लिलावातून एक पांढरी अँबॅसिडर घेतली होती, आणि ती चालू ठेवण्यात त्यांचं म्हातारपण तरुण राहिलं होतं. हे मी साहेबांना इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. पण तोवर अण्णा इंजिनाच्या बाजूच्या टॅपेटच्या झाकणांकडे बोट दाखवून ‘‘ऑइल लीक?’’ म्हणाले होते, आणि साहेबांचंही बोट त्याच क्षणी तिथेच गेलं होतं. यानंतर दुभाष्याची गरज उरली नाही. मी घरी येऊन चहा केला.

एमजीबीचा गिअरबॉक्स काढायचा म्हणजे आधी इंजिन काढायचं. बोगदा बॉडीशी एकजीव वेल्ड केलेला. वरून हात जात नाही, खालून पेटी उतरत नाही. म्हणून बॉनेट काढा, रेडिएटर काढा, कार्ब्युरेटर काढा, सायलेन्सरचा पाइप सोडवा, प्रोपेलर शाफ्ट सोडवा, फाउंडेशनचे बोल्ट ढिले करा, आणि मग इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच क्रेनला टांगून, नाक आभाळाकडे करून बाहेर ओढा. शेपटीकडून गिअरबॉक्सातलं तेल गळतं, ते कायम ज्याने पांढरे बूट घातलेत त्याच्याच पायावर. या पेटीत तेलसुद्धा इंजिनाचंच घालतात, 20 डब्ल्यू 50. अण्णांनी बोटावर घेऊन वास घेतला आणि ‘‘ओरिजिनल’’ असा निर्वाळा दिला. तो तेलाबद्दल होता की त्याच्या वयाबद्दल, कळलं नाही.

हे चाललेलं असताना पबातल्या सुधारक गटातले एक ट्रायम्फ स्पिटफायरवाले गृहस्थ पाहायला आले. स्पिटफायरची तऱ्हा निराळी. तिच्या बोगद्यावर नुसतं झाकण असतं, जुन्या गाड्यांत तर पुठ्ठ्याच्या जातीचं. सीट काढायची, झाकण काढायचं, आणि गिअरबॉक्स मांडीवर घेऊन दारातून बाहेर यायचं. इंजिन जागच्या जागी. हे सगळं त्या गृहस्थांनी, मदतीला एक बोटही न लावता, क्रेनला टांगलेल्या इंजिनाशेजारी उभं राहून सविस्तर सांगितलं. अण्णा मला म्हणाले, ‘‘हे काय म्हणतात?’’ मी सांगितलं. ‘‘मग यांना म्हणावं, पावसाळ्यात तुमच्या पँटवर पाणी कुठून येतं ते आम्हाला माहिती आहे. स्टँडर्ड हेरल्ड होती आमच्या डेपो मॅनेजरची.’’ हेरल्ड ही स्पिटफायरची सख्खी बहीण, तिच्याच सांगाड्यावरून स्पिटफायर बेतली. आपल्याकडची हेरल्ड मद्रासला बनायची. मी या उत्तराचं भाषांतर केलं नाही.

आता पान्यांची गोष्ट, आणि ही मला सगळ्यात आवडते. 1966 च्या एमजीबीचे नटबोल्ट इंचात. फोर्डची पेटी मिलिमीटरात. त्या दोघांना जोडणारं बेलहाउसिंग नव्या काळात कुठल्याशा छोट्या वर्कशॉपात ओतलेलं, त्यावर एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला मिलिमीटर. साहेबांकडे दोन्ही पान्यांचे संच होते. इंचाचा डाव्या भिंतीवर, मेट्रिकचा उजव्या. पान्याच्या आकाराची सावली भिंतीवर रंगवलेली, जेणेकरून पाना जागेवर नाही हे लगेच कळावं. तो जागेवर नाही हे कळायचं. कुठे आहे ते कळायचं नाही. भूगोलाच्या माणसाला एक अडचण होती. त्यांना प्रत्येक वेळी बोल्टकडे बघून, मापून, मग भिंतीकडे जावं लागे. अण्णा नुसता अंगठा फिरवून ‘‘नऊ सोळांश’’ किंवा ‘‘सतराचा’’ म्हणत. दापोडीला लेलँडही येत आणि टाटाही. लेलँड इंग्रजांच्या वळणाचं म्हणून इंचात, टाटाचं शिक्षण मर्सिडीज-बेंझकडे झालेलं म्हणून मिलिमीटरात. ब्रिटन अजून दूध पाइंटात, पेट्रोल लिटरात आणि रस्ता मैलात मोजतं. या देशाला जे जमलं नाही ते अण्णांच्या अंगठ्याने केव्हाच पचवलेलं होतं. त्यांनी साहेबांना एक सूत्र दिलं ते साहेबांनी खडूने गॅरेजच्या दारावर लिहून ठेवलं: अर्ध्या इंचाला तेराचा पाना चालतो, तेराला अर्ध्याचा चालत नाही. आणि चालतो म्हणून चालवायचा नाही, आटे राहतात पण डोकं गोल होतं. दुसरं वाक्य मला वाटतं बोल्टबद्दलच होतं.

काढणं झालं. बसवणं म्हणजे तेच उलट क्रमाने, असा मोटारींच्या पुस्तकांचा एकंदर रोख असतो; खोलायला दहा पानं आणि जोडायला एक ओळ. ती ओळ लिहिणाऱ्याने शेवटचा अर्धा इंच कधी पाहिलेला नसावा.

शेवटचा अर्धा इंच असा. गिअरबॉक्सातून पुढे आलेल्या शाफ्टवर खाचा असतात. त्या क्लच प्लेटच्या मधल्या खाचांत शिरायला हव्यात, आणि त्याही पुढे शाफ्टचं टोक क्रँकच्या बुडातल्या बुशमध्ये. क्लच प्लेट केसभरही मध्यापासून सरकलेली चालत नाही. साहेबांनी ती खास प्लास्टिकच्या दांडीने मध्यावर आणलेली होती. फोर्डचा शाफ्ट इंग्रजांच्या बुशला लहानमोठा पडतो म्हणून सामानात खास बुश दिलेला, तोही बसवलेला. पेटी पुढे सरकली, सरकली, आणि इंजिनापासून अर्ध्या इंचावर थांबली. मग ढकला. मग थोडं मागे घेऊन ढकला. मग गुडघा लावून ढकला. मग ज्याला या विषयात काही कळत नाही त्याला, म्हणजे मला, बोलावून ढकला. चहा झाला. साहेबांच्या पत्नी येऊन बघून गेल्या. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर असे शब्द वापरले जे भूगोलात येत नाहीत. शेवटी त्यांनी चार लांब बोल्ट आणले आणि पेटी बोल्टनेच ओढून घ्यायची तयारी केली.

‘‘नो!’’ अण्णा ओरडले. ‘‘बोल्टने ओढू नका! कान तुटेल!’’

हे मराठीतच होतं, पण साहेबांच्या हातातला पाना खाली आला. अण्णांचं म्हणणं बरोबर होतं. ॲल्युमिनियमच्या बेलहाउसिंगला बोल्टने जबरदस्ती ओढलं तर कडेचा कान कडकन जातो, आणि मग तुमच्याकडे दोन जुन्या गाड्यांच्या मधला एक नवा भंगार तुकडा राहतो. अण्णांनी गिअरच्या दांडीच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून पेटी गिअरमध्ये टाकली. कुठल्या? सगळ्यात वरच्या. मग साहेबांना पेटी समोरून नुसती टेकवून धरायला सांगितली, मला बाजूला व्हायला सांगितलं, आणि स्वतः मागे बसून शेपटीचा शाफ्ट दोन बोटांनी सावकाश फिरवू लागले. शेपटी फिरली की गिअरमधून पुढचा शाफ्ट फिरतो, खाच खाचेच्या समोर येते आणि… ‘खट्’. पेटी इंजिनाला जाऊन चिकटली. इतका खर्च करून आणलेला पाचवा गिअर पहिल्यांदा कामी आला तो असा, इंजिन जमिनीपासून दीड फूट उंच टांगलेलं असताना, दापोडीच्या दोन बोटांनी.

बाकीचं पटापट झालं, म्हणजे त्या मानाने. गिअरची दांडी बोगद्याच्या भोकाच्या ऐन मधोमध येईना. हातोडीने भोकालाच थोडं समजावलं. स्पीडोमीटर वेडा झाला, कारण त्याची केबल मैलामागे किती वेळा फिरायची हा हिशेब फोर्डचा निराळा. तिशीला चाळीस दाखवू लागला. तो दुरुस्तीला जाईपर्यंत साहेब गावातून असे काही जपून जात होते की मागच्या बसचालकाने एकदा उतरून तब्येतीची चौकशी केली. आणि तेलाचं बूच. अण्णा गाडीखाली आडवे होऊन बराच वेळ बॅटरी फिरवत राहिले. फोर्डच्या या पेटीला तेल भरायचं बूच आहे, काढायचं नाही. एकदा भरलं की आयुष्यभर बघायचं नाही, असा कंपनीचा विचार.

‘‘कुणाच्या आयुष्यभर?’’ अण्णांनी खालूनच विचारलं.

साहेबांनी जुन्या गिअरची गोळी मात्र बदलू दिली नाही. काळी गोळी, वर पांढऱ्या रेघांनी चारच गिअर कोरलेले. आत पाच, वर चार. कारण उन्हाळ्यात गाड्यांचे मेळे भरतात आणि सनातनी मंडळी गवतावर फिरताना हात मागे बांधून बरोबर गोळीकडे बघतात. पाच आकडे दिसले की काहीच बोलत नाहीत, फक्त ‘‘अच्छा’’ म्हणतात. त्या एका ‘अच्छा’ला साहेब भितात. म्हणजे हा माणूस काही हजार पौंड घालून, शेजाऱ्याच्या सासऱ्याला राबवून जी सुधारणा करतो ती जगाला कळू नये म्हणून पुन्हा वेगळी काळजी घेतो. आपल्याकडे घरात मिक्सर असताना ‘चटणी पाट्यावरची आहे’ असं सांगणारे लोक मी पाहिलेत. पण ते निदान मिक्सर लपवत नाहीत.

पहिल्या फेरीला साहेब आणि त्यांच्या पत्नी एम-फोर्टीने ऑक्सफर्डच्या दिशेने गेले. पाचवा पडला, फेरे खाली आले, पेटीचा सूर विरला. आणि मग बाकीचं सगळं ऐकू यायला लागलं. मागच्या डिफरन्शियलचा घोगरा सूर. डाव्या काचेची थरथर. सीटखाली कुठल्याशा मालकाच्या काळापासून लोळणारं एक नाणं. टपाच्या बटणांपैकी नेमकं कुठलं सैल आहे ते. आणि बाई काय बोलताहेत तेही. त्या म्हणत होत्या, हीटर चालत नाही. गाडी घेतल्यापासून प्रत्येक हिवाळ्यात त्या हेच सांगत होत्या, असं त्यांनी परत आल्यावर आमच्या हिला सांगितलं.

साहेबांनी सगळं कागदोपत्री केलं. विमा कंपनीला कळवलं, नाहीतर पुढे वांधे होतात. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रस्ता-कर माफ असतो आणि, मोठे बदल केलेले नसतील तर, सरकारी तपासणीचीही सक्ती नसते. हे ऐकून अण्णांना धक्का बसला. मी त्यांना 2021 चा आपला नियम सांगितला. पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी आणि इंजिनाला हात लावलेला नसावा. अण्णांनी ते दोनदा म्हणून घेतलं. ‘‘चेसिस, बॉडी, इंजिन. गिअरबॉक्स लिहिलेलं नाही?’’

मी म्हटलं, नाही.

‘‘हं,’’ अण्णा म्हणाले.

जुनी पेटी साहेबांनी साफ करून, तोंडाला फडकं बांधून बाकाखाली ठेवली. विकायची नाही. कारण पुढेमागे गाडी विकायची झाली, तर मूळ गिअरबॉक्स सोबत असेल तर किंमत जास्त येते. जो घेईल तोही ती बसवणार नाही. तो ती आपल्या बाकाखाली ठेवेल. इकडे कितीतरी गॅरेजांत अशा पेट्या आहेत. त्या मालकांच्या मागोमाग गावं बदलतात. त्यांतला एकही दाता पुन्हा फिरायचा नसतो आणि त्यांच्यामुळे गाडीची इभ्रत शाबूत राहते.

अण्णा परत गेले. दिवाळीला आमची ही पुण्याला जाणार म्हणून फोन झाला, तेव्हा चकली-शंकरपाळ्यांची विचारपूस आधी होईल असं वाटलं होतं. अण्णांनी विचारलं, ‘‘तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा ना?’’

‘‘हो.’’

‘‘पेटी खोलून दोन्हीकडे वाटली तर बसते. मी साहेबांकडे तोलून पाहिली होती. दाते एकीकडे, कवच एकीकडे. साहेब म्हणालेत, सिएराची एक आहे त्यांच्या त्या ट्रायम्फवाल्या मित्राकडे, देतो म्हणाला.’’

‘‘आणि बेलहाउसिंग?’’

‘‘ते ॲल्युमिनियमचं. हँडबॅगेत.’’

फोन स्पीकरवर होता. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘बाबा, कस्टमवाल्याने उघडायला लावलं तर मी काय सांगू?’’

‘‘अँबॅसिडरचा पार्ट आहे सांग. लगेच सोडेल. त्याच्या साहेबाचीपण तीच होती.’’